बैठी लगोरी

सात चपट्या दगडांची लगोरी चेंडूने फोडायची आणि अंगावर चेंडू बसण्याआधी ती पुन्हा रचायची, हा खेळ शाळेच्या मैदानात आपणही खेळला असाल. वयोमानानुसार धावणे थांबते; नेम धरणे आणि रचणे थांबवण्याचे मात्र कारण नाही. हाताची पकड सैल झाली की सदऱ्याची बटणे, डब्याचे झाकण, जिन्याचा कठडा, सारेच अवघड होते.

म्हणून घरी बैठी लगोरी खेळावी. हात असलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत पावले जमिनीला टेकवून बसावे. समोरच्या स्टुलावर सात हलके ठोकळे रचून मऊ चेंडूने नेम धरावा. पडलेले ठोकळे नातवंडांनी गोळा करून टेबलावर द्यावेत. रचण्याचे काम मात्र ज्येष्ठांचेच. हात थरथरला तरी घरच्यांनी घाई करू नये.

चेंडू वाकून उचलू नये. उठताना चक्कर येऊन तोल जाऊ शकतो आणि खुब्याचे हाड मोडल्यास दीर्घकाळ परावलंबित्व येते. छातीत दुखल्यास वा दम लागल्यास खेळ लगेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. खांदा दुखत असल्यास किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एखाद्या दिवशी एकाच हातातून चेंडू अचानक निसटू लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. तत्काळ रुग्णालय गाठा.