घराला स्वतःचा पत्ता

इंटरनेटचा जुना पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचा. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले. तेव्हापासून अनेक घरांना मिळून एकच पत्ता देण्याची पद्धत वाढली. चाळीला एकच पत्रपेटी असावी, तसे हे. आपल्या पत्राचे उत्तर येते. पण बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणत्या खोलीचे, ते कळत नाही.

रत्नागिरीत माझी हीच अडचण होती. घरच्या संगणकावरील जुन्या कागदपत्रांच्या छायाप्रती पुण्याच्या एका अभ्यासकाला थेट दाखवता येत नव्हत्या. आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळतो. माझ्या जोडणीत ती सोय होती, पण राउटरला ती कळत नव्हती. म्हणून २००४पासून मुक्तस्रोत पद्धतीने घडत आलेल्या ओपनडब्ल्यूआरटीची चाचणी-आवृत्ती त्यावर चढवली. मध्येच वीज गेली तर राउटर निकामी होण्याची भीती; म्हणून आधी इन्व्हर्टर तपासला.

मग मोबाइलच्या डेटावरून घरच्या संगणकाला 'पिंग' केले. उत्तर आले! घर उघडे पडले की काय, अशी धास्ती वाटली. छायाप्रत मागितली, तर नकार. या प्रणालीची फायरवॉल मुळातच अशी आहे: पिंगला आत जाऊ देते, बाकी अनाहूतांना नाही. मी नियम लिहून एकच दार उघडले. पुण्याहून पहिली छायाप्रत उघडली गेली.

राउटर पुन्हा सुरू झाला की पत्त्याचा पुढचा भाग मात्र बदलतो. तेवढे अजून फोनवर कळवावे लागते.