व्यायामाचे डॉक्टर आणि विम्याचं कार्ड

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका काकूंचा पाय गोठ्यात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, पदरचे पैसे लागले नाहीत. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, महिनाभर फिजिओथेरपी करा. जवळच्या दवाखान्यात चौकशी केली तर रोजचे पैसे रोज द्यायचे. काकू म्हणाल्या, कार्ड असताना पैसे कशाला? आणि गेल्याच नाहीत. आज त्या भिंतीला धरून चालतात.

चूक काकूंची नव्हती. कार्ड म्हणजे सगळं फुकट, असंच आम्हीही धरून चाललो होतो. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे. घरी गेल्यावरची तपासणी आणि औषधं थोड्याच दिवसांपुरती. महिनाभर रोज जाऊन करायचा व्यायाम त्यात सहसा बसत नाही. म्हणून डिस्चार्जच्या आधीच, भरती असतानाच, फिजिओथेरपिस्टला खाटेपाशी बोलवायला सांगा आणि घरी करायचे व्यायाम सुनेनं किंवा मुलीनं समोर उभं राहून शिकून घ्या. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. काय बसतं, काय नाही, ते त्यालाच विचारा. पॅकेजमधल्या उपचाराला कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. मुलगा किंवा मालक शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात असेल, पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर बायकोलाच नव्हे, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही त्याचा लाभ आहे. त्यात भरती न होता घ्यायचे उपचारही येतात. पगाराची पावती एकदा नीट बघा.

खाजगी मेडिक्लेम असेल तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून विचारायचं: भरती न होता फिजिओथेरपी चालते का? डिस्चार्जनंतर किती दिवसांपर्यंतचं बिल धरता? दवाखान्यात कॅशलेस आहे, की आधी भरून मागून मागायचे? फोनवर कोण बोललं, कधी बोललं, ते वहीत लिहा. ‘आमच्याकडे विमा चालतो’ एवढ्या दवाखान्याच्या शब्दावर जाऊ नका. तो ऑपरेशनला चालत असेल आणि व्यायामाला नसेल. डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर किती दिवस ते लिहिलेलं, आणि रोजची पावती, हे तिन्ही नसेल तर पैसे परत मिळणं अवघड.

आता माणूस कसा शोधायचा? मालीश करणारा, हाड बसवणारा आणि फिजिओथेरपिस्ट हे वेगळे. बी.पी.टी.चं शिक्षण काही वर्षांचं असतं, त्यात शेवटी प्रत्यक्ष कामाचा काळही असतो. राज्यात त्यांची वेगळी परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. चांगला माणूस आधी तुमचं एक्स-रे, कागद बघतो, कुठलं काम जमत नाही ते विचारतो, आणि मगच हात लावतो. नुसतं मशीन लावून पंधरा मिनिटांत उठवत असेल तर आम्ही तरी दुसरीकडे जाऊ.

खर्च झेपत नसेल तर दसरा चौकाजवळचा सीपीआर, आपला थोरला दवाखाना, आहे. डी. वाय. पाटील यांचं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, तिथंही चौकशी करा. जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली भांगलणीची मजुरी हाही खर्चच. म्हणून एकदम विचारा, आठवड्यातून दोनदा येऊन बाकी घरी केलं तर चालेल का? बऱ्याचदा चालतं.

काकूंना आम्ही सोमवारी सकाळी सीपीआरला नेणार आहोत. डिस्चार्ज कार्ड आणि जुना एक्स-रे पिशवीत भरून ठेवलाय.