पोळी बंद केली, गहू मात्र वाटीत राहिला

दोन वर्षे मी एका मुलीला लोहाची औषधे देत होतो. वय नऊ, चेहरा पांढुरका, वर्गात सर्वांत बुटकी. अधूनमधून पोट फुगायचे, जुलाब व्हायचे. जंतांचे औषध दोनदा झाले, तरी हिमोग्लोबीन आठच्या वर जाईना. शेवटी 'टीटीजी' नावाची रक्ततपासणी करून घेतली. पुढे तज्ज्ञांनी दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान झाले - सिलिअॅक आजार. ही तपासणी मी पहिल्याच वर्षी करायला हवी होती.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. कणीक तिंबली की तिला जो चिवटपणा येतो, तो याच्यामुळे. सिलिअॅकच्या रुग्णाचे शरीर ग्लुटेनला शत्रू समजते आणि या लढाईत स्वतःच्याच आतड्याचे अस्तर झिजवते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा दोष ओळखला आणि १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. या आजारावर आजही उपचार एकच : ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद.

हे ऐकून मुलीची आई रडवेली झाली, पण आजी म्हणाली, ''डॉक्टर, भाकरी तर आमची जुनीच आहे!'' खरेच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ग्लुटेन नाही. सहा महिन्यांत मुलीचे वजन वाढले, गालांवर रंग आला. आणि मग पुन्हा पोट दुखू लागले.

''घरात पोळी लाटलीच जात नाही हो,'' आई शपथेवर सांगत होती. मी म्हटले, ''ताई, स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत घालून घेऊन या.'' त्या आल्या. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिले होते : मैदा. बाजारातला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला असतो. सोया सॉसमध्ये गहू होता. आणि मुलीच्या आवडत्या चीज डिपच्या बाटलीवर पुन्हा मैदा! मक्याचे चिप्स ती त्यात बुडवून खात होती. चिप्स निर्दोष, डिप दोषी.

चीजमध्ये मुळात गहू नसतो. सॉस दाट करण्यासाठी मैदा भाजून घालतात, तिथे तो येतो. हॉटेलातल्या व्हाइट सॉसचीही हीच गोष्ट. घरी मात्र हे काम सोपे आहे. दोन चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवा. एक कप दूध गरम करून त्यात ते घाला आणि दाट होईपर्यंत ढवळा. गॅस बंद करून शंभर ग्रॅम किसलेले चीज आणि चिमूटभर मिरपूड घाला. कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाची पिठीही चालते, पण ती थोडा जास्त वेळ शिजवा. सध्या मुलांना आवडणारा मेक्सिकन साल्सा तर आपल्या कोशिंबिरीचाच चुलतभाऊ. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून त्यावर लिंबू पिळा, मीठ घाला. झाला साल्सा.

मात्र तीन गोष्टी सांभाळा. विकतच्या चिप्सच्या पाकिटावरचे घटक वाचा. मक्याबरोबर गव्हाचे पीठ किंवा मसाल्यात माल्ट असू शकते. समोसे तळलेल्या तेलात चिप्स तळू नका. आणि या मुलांची वाटी वेगळी ठेवा, कारण खारी किंवा टोस्ट बुडवणाऱ्याने सोडलेला चुराही त्रास द्यायला पुरतो. ज्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचे, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. यावरून प्रमाण किती बारीक पाहावे लागते, ते कळेल.

एक इशारा. हा लेख वाचून उद्यापासून घरातला गहू बंद करू नका. निरोगी माणसाला गव्हाचे पथ्य करण्याचे कारण नाही. शंका असेल तर आधी तपासणी करा, आणि तपासणी होईपर्यंत गहू खात राहा. गहू सोडल्यावर रक्तातील खूण पुसट होत जाते आणि निदान निसटते. वारंवार जुलाब, वाढ खुंटणे, औषधाला दाद न देणारा पंडुरोग - यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना सरळ विचारा : सिलिअॅक तर नसेल ना?

त्या मुलीने गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला स्वतःची वाटी डब्यात भरून नेली. हिमोग्लोबीन आता साडेअकरा आहे. लोहाची औषधे तीच होती. त्या हिंगाची डबी मात्र आता त्यांच्या घरात नाही.