गेममधला ड्रेस, खिशातले पैसे; पालकांनी काय बघावं?

इंदूर : मोबाईल गेममधल्या आपल्या कॅरेक्टरला नवा ड्रेस, नवे केस, बंदुकीला रंगीत 'स्किन'... पोरांना याचं भारी वेड. फ्री फायरमध्ये त्यासाठी डायमंड लागतात, बीजीएमआयमध्ये यूसी. दोन्ही खऱ्या रुपयांनीच विकत मिळतात. पण स्क्रीनवर डायमंड दिसतात, रुपये नाही. त्यामुळे किती गेले हे मुलांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याचदा हवा तो ड्रेस थेट मिळत नाही, 'स्पिन' फिरवून नशीब आजमावावं लागतं. मग एकाचे दहा स्पिन होतात. ड्रेसने नेम सुधारत नाही, मित्रांत भाव तेवढा वाढतो.

2025 मध्ये इंदुरातल्या सातवीच्या एका मुलाने गेममध्ये 2,800 रुपये गेल्यानंतर जीवन संपवलं. रक्कम छोटी असली तरी मुलांच्या मनातली भीती मोठी असू शकते.

पालकांनी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा, सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकावं. नकळत खरेदी झालीच तर 48 तासांच्या आत गुगलकडे रिफंड मागता येतो. मुख्य म्हणजे पैसे गेले तरी आधी ओरडू नका, पोराला बोलू द्या. मूल गप्प गप्प वाटलं तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाईनवर 14416 ला फोन करा. हा फोन मोफत आहे.