मारुती तूर आली कुठून?

कोरडवाहू वावरात पऱ्हाटीची सहा-आठ तासं झाली की एक तास तुरीचं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. कापसाचा पैसा घरी येईपर्यंत उधारीतच वाटला जातो. तूर मात्र घरात राहते, वर्षभराचं वरण तिच्यावर. म्हणून फुलावर-शेंगेवर आलेली तूर उभ्या उभ्या वाळायला लागली की पहिली काळजी घरच्या बाईला पडते.

पाणी कमी पडलं म्हणून वाळली, असं पुष्कळदा वाटतं. पण वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरून बघा. आत काळपट रेषा दिसल्या, बाहेरून बुडापासून वर जांभळट पट्टा दिसला, तर तो मर रोग. ही जमिनीतली बुरशी आहे. मुळातून शिरते आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्याच बंद करते. जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं मरतं. जुन्या तुऱ्हाट्यांच्या बुडख्यात ती दोन-तीन वर्षं टिकून राहते. झाड वाळायला लागल्यावर मग फवारा मारून काही हाती येत नाही. रोग सोसण्याची ताकद बियाण्यातच असावी लागते.

असं बियाणं सापडलं कसं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

हैदराबादजवळ पाटणचेरू इथं १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिकं, म्हणजे आपली कोरडवाहू पिकंच. देशोदेशींच्या बियाण्याचे एक लाखाहून अधिक नमुने तिथं थंड खोल्यांत जपून ठेवले आहेत. तुरीसाठी तिथं एक वेगळंच वावर केलं. आपण रोगट माती टाळतो, तिथं ती मुद्दाम जपली. मर रोगाची बुरशी ठासून भरलेल्या त्या जमिनीत शेकडो वाण पेरायचे, मधे मधे हमखास मरणाऱ्या तुरीची तासं ठेवायची. ती तासं मेली म्हणजे रोग तिथं जिवंत आहे अशी खात्री. त्यातून जे झाड उभं राहिलं, त्याचंच बी पुढं न्यायचं.

अशा परीक्षेत टिकलेली एक तूर निघाली आपल्याच महाराष्ट्रातल्या गावरान वाणातून. तिचा नंबर आयसीपी ८८६३. १९८५ च्या सुमारास कर्नाटकात ती ‘मारुती’ नावानं प्रसारित झाली, कारण कलबुर्गीकडच्या तूर पट्ट्यात मर रोगानं शेतकरी टेकीला आले होते. तिथून ती फिरत फिरत पुन्हा महाराष्ट्रात आली. आपलंच बियाणं, तेलंगण आणि कर्नाटक करून घरी आलं! बुरशीला कुठं राज्याची हद्द कळते? मग बियाण्यालाही ती नसलेलीच बरी.

पण काम तिथं संपलं नाही. मारुतीला मर कमी लागते, वांझ रोग मात्र सहज लागतो. पानं बारीक, फिकी, झाड हिरवंगार आणि फूल-शेंग नाही, हा वांझ रोग. डोळ्यांना न दिसणारा कोळी तो पसरवतो. दोन्ही रोगांना तोंड देणारी ‘आशा’, म्हणजे आयसीपीएल ८७११९, पुढं १९९३ मध्ये आली. मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं बीएसएमआर ७३६ दिली. आजही दुकानात या नावाच्या पिशव्या दिसतात.

एकट्या केंद्राला हे जमत नाही. अकोल्याची काळी भारी जमीन, सोलापूरचा तुटपुंजा पाऊस, परभणीची आणखी वेगळी तऱ्हा. म्हणून १९७० साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याचा कारभार हैदराबादहून चालतो आणि आपल्या राज्यात अकोला, सोलापूर, परभणी ही त्याची केंद्रं आहेत. एकाच गोष्टीची परीक्षा निरनिराळ्या मातीत घ्यायची आणि नोंदी एकमेकांशी ताडून बघायच्या. आम्हाला तर हा बचत गटाच्या फेडरेशनसारखाच प्रकार वाटतो. फक्त आपण पैशाचा हिशेब जुळवतो, ते पावसाचा आणि पिकाचा.

आणि हिशेब नुसता प्रयोगशाळेत होत नाही. १९७५ पासून इक्रिसॅटनं काही गावं निवडून तिथं माणूस मुक्कामी ठेवला. अकोला जिल्ह्यातली कान्झरा आणि किनखेड, सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण ही त्यातली. घराघरांत जाऊन पीक, खर्च, मजुरी लिहून घेतली; पुरुषांच्या कामाचे दिवस वेगळे, बायांचे वेगळे. निंदणाला किती दिवस जातात हे कागदावर आलं, ते असं.

आपल्या गटांनी यात काय करायचं? बियाण्याच्या पिशवीवरचं वाणाचं नाव आणि लॉट नंबर गटाच्या रजिस्टरात लिहा, पिशवी फेकू नका. घरचं बी ठेवायचं असेल तर लक्षात घ्या, तुरीचं परागीकरण मधमाश्या शेजारच्या वावरातूनही करतात. चार वर्षांत तुमची आशा निव्वळ आशा राहत नाही. तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी बियाणं बदलावं. बियाण्याला ट्रायकोडर्मा लावणं स्वस्तातलं काम आहे, पाकिटावरच्या प्रमाणात लावा. ज्या वावरात मर दिसली तिथं पुढची दोन-तीन वर्षं तूर नको, ज्वारी घ्या.

झाडं वाळलेली दिसली तर मोजा. शंभरात किती, कोणत्या महिन्यात, चिबडात की उतारावर. मग दोन-तीन झाडं मुळासकट, माती न झटकता उपटून ओल्या पोत्यात गुंडाळा आणि वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा नागपूरच्या कृषी महाविद्यालयात घेऊन जा. एकटीनं जायला संकोच वाटतो, तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. रजिस्टर सोबत घ्या. वाळून कोळ झालेलं झाड नेऊ नका, अर्धं हिरवं असतानाच न्या. त्यावरूनच रोग ओळखता येतो.