गुडघा दुखत असता कोणता व्यायाम करावा?

भातलावणी आटोपली की आपल्या धर्मग्रामात गुडघ्याच्या तक्रारी सुरू होतात. “फादर, गुडघा गेला. आता घरात बसायचं नि रोझरी म्हणायची,” असे पन्नाशीतली माणसेही मिस्सानंतर सांगतात. रोझरी जरूर म्हणावी, पण बसून राहणे बरोबर नाही. झिजलेला गुडघा बसून राहिल्याने भरून येत नाही. उलट वजन वाढते, रक्तदाब आणि साखर वाढते, आणि जिन्याच्या चार पायऱ्यांनी धाप लागू लागते.

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला? दिवसभर राबतोच की! राबतो, यात शंका नाही. पण आपल्या कामाचा प्रकार पाहा. भांगलण करताना तासन् तास उकिडवे बसणे, लावणीत चिखलातून पाय उपसणे, डोक्यावर भारा घेऊन बांध चढणे. यात गुडघ्यावर भार फार पडतो. आणि श्वास व नाडी काही वेळ सलग वाढती राहावी, तसे मात्र क्वचितच होते. सुगी संपली की कित्येक जण महिनोन्‌महिने फारसे हलतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. वयस्कर माणसांनाही हेच माप आहे.

गुडघ्याची रचना थोडी समजून घेतली म्हणजे पुढचे सोपे जाईल. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि सांधा हलला तरच तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो. म्हणजे हालचाल हवी, पण भार बेताचा हवा. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास, आणि सायकल चालवताना साधारण वजनाइतकाच. उकिडवे बसून उठताना वाटीच्या मागे मोठा दाब येतो.

म्हणून माझ्या मते आपल्या लोकांसाठी पहिली निवड सायकलची. ती पुष्कळांच्या घरी गंजत पडलेली असते. मात्र बैठक तपासून घ्यावी. पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण बैठक फार खाली ठेवतो. मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि समोरून दुखू लागतो. बैठकीवर बसून टाच पायंडलावर ठेवा. पायंडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सुरुवातीला सपाट रस्त्यावर दहा मिनिटे सकाळी आणि दहा मिनिटे संध्याकाळी पुरे. चढ आला की उतरून ढकलावी. दुधाचा कॅन किंवा वैरणीची पेंढी लादून केलेली फेरी यात धरू नये. ज्यांना टांग टाकून चढणे जमत नाही, त्यांनी मधला दांडा नसलेली बायकांची सायकल घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तोल जाण्याची भीती असेल किंवा बाहेर पाऊस असेल, तर घरात एका जागी राहणारी व्यायामाची सायकल चालते.

पाण्यात चालणे हाही उत्तम व्यायाम. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार निम्म्यावर येतो, छातीइतक्या पाण्यात तर पाव ते एक तृतीयांश उरतो. पण तळ घट्ट असलेले, ओळखीचे, संथ पाणी हवे आणि सोबत पोहता येणारा माणूस हवा. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात कधीही उतरू नये. त्याचा काठ इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नये. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शरीरात शिरतो.

दोन्ही सोयी नसतील त्यांनी सपाट वाटेवर चालावे आणि चालताना रोझरी मोठ्याने म्हणावी. पाच दशके म्हणायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणजे घड्याळ नको. चालीचे मापही तिच्यातच आहे. नमो मरिया म्हणता येते, पण भक्तिगीत गाऊ गेल्यास दम पुरत नाही, ती चाल योग्य. काठी घेत असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ जण नेमके उलटे करतात.

दुखण्याविषयी एक नियम लक्षात ठेवा. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाले तर चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले असेल किंवा सूज आली, तर वेळ निम्मी करा; व्यायाम सोडू नका. गोळी घेऊन दुखणे दाबायचे आणि मग जोर करायचा, हे चुकीचे. अशा गोळ्या रोज घेतल्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडतात. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, अडकून बसला, किंवा चालताना एकाएकी दगा देऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखू लागल्यास तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि डॉक्टरांकडे जायला मुळीच उशीर करू नये. वजन जास्त असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो.

आता देवळातल्या गुडघ्यांविषयी, कारण हे विचारायला लोक संकोचतात. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांच्या ४३ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की प्रकृतीमुळे ज्यांना पवित्रीकरणाच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत, त्यांनी त्यानंतर धर्मगुरू गुडघा टेकतात तेव्हा खोल वाकून नमन करावे. तेव्हा दात-ओठ खाऊन कोणी गुडघे टेकू नयेत.

राहिली जुन्या गोव्याची पदयात्रा. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, आणि बेळगाव-खानापूर भागातून लोक पायी जातात. गुडघा दुखणाऱ्यांनी जायचे ठरवले असेल तर सप्टेंबरपासून सपाटीवर चालणे हळूहळू वाढवावे. पण घाट उतरताना हट्ट धरू नये, कारण उतारावरच गुडघ्याला सर्वांत जास्त मार बसतो. गटाबरोबर गाडी असेल तर घाटमाथ्यावर तिच्यात बसावे आणि पायथ्याशी उतरून पुन्हा चालू लागावे.