विष नको, नकार हवा

समुद्रात बुडालेली वस्तू फार काळ कोरी राहत नाही. आधी तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ येते आणि पाठोपाठ बार्नेकल या कवचधारी जीवाच्या अळ्या कायमचा तळ ठोकतात. जहाजाचा पाण्याखालचा भाग असा खरबरीत झाला की पाण्याचा अडथळा वाढतो आणि इंधन जास्त जळते. मृदू प्रवाळाला दगडी सांगाडा नाही, जागा सोडून जाण्याची सोय नाही. तरी त्याच्या अंगावर असे बिऱ्हाड सहसा थाटले जात नाही. सार्कोफायटनसारखे प्रवाळ अंगावरची मेणचट कात अधूनमधून टाकतात. पण मोठा वाटा टर्पीन वर्गातील रसायनांचा आहे. त्यांतली काही जिवाणूंची वाढ रोखतात, तर काही अळ्यांना चिकटूच देत नाहीत. मृदू प्रवाळांच्याच गोतातल्या रेनिला या जीवातून 1986 मध्ये वेगळी केलेली रेनिलाफाउलिने ही या दुसऱ्या प्रकारची.

मारणे आणि बसू न देणे यांतला हा फरक महागात पडल्यावर कळला. ट्रायब्युटिल टिन हे विष मिसळलेल्या रंगाने जहाजे स्वच्छ राहिली, पण फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांचे शिंपले विकृत झाले आणि गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली. 2008 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. आज त्या जागी प्रामुख्याने तांबे आहे, आणि तेही विषच. म्हणून जहाजाच्या रंगासाठी अळ्यांना बसू न देणारी प्रवाळाची रसायने पाहावीत, आणि जिवाणू रोखणाऱ्या रसायनांत नवी प्रतिजैविके शोधावीत.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नव्हे. मृदू प्रवाळांची काही रसायने माशांनाही घातक आहेत. म्हणून प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे पारखावा लागेल. जिवंत प्रवाळ रसायन सतत नव्याने घडवतो, रंगाचा थर मात्र हळूहळू रिता होतो, हा आक्षेपही खरा आहे. प्रतिजैविकांच्या बाबतीतही काचेच्या बशीत जिवाणू मेले म्हणजे औषध सापडले, असे होत नाही. पण रसायनासाठी प्रवाळच ओरबाडावे लागतील, हा सर्वांत मोठा आक्षेप आता सैल झाला आहे. ही टर्पीने प्रवाळ बनवतो की त्याच्या आश्रयाला असलेले सूक्ष्मजीव, याबद्दल दीर्घकाळ वाद होता. टर्पिनांचा मूळ सांगाडा घडवणारी जनुके खुद्द प्रवाळाचीच आहेत, हे 2022 मध्ये दिसून आले. ही जनुके प्रयोगशाळेतल्या जिवाणूंमध्ये घातली, तर तो सांगाडा तिथेही तयार होतो. तेव्हा प्रवाळाकडून माल नव्हे, कृती घ्यावी. आणि ती शिकायची असेल, तर प्रवाळ समुद्रातच राहिला पाहिजे.